प्रोसेक्को : गाव, द्राक्ष आणि नाव

इटलीच्या ईशान्य टोकाला, त्रिएस्ते बंदराच्या वरच्या बाजूस, चुनखडकाच्या पठाराच्या कडेवर प्रोसेक्को नावाचे एक लहानसे गाव आहे. वस्ती परंपरेने स्लोव्हेन भाषिकांची. त्यांच्या बोलीत त्याला प्रोसेक म्हणतात. १९१८ पर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. या गावाच्या मद्याचा उल्लेख फाइन्स मॉरिसन या इंग्रज प्रवाशाने १६१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात केला आहे. मात्र आज जगभर ज्या फेसाळ मद्याला प्रोसेक्को म्हणतात, त्याची कीर्ती या गावाने मिळवलेली नाही. पैठणी पैठणची म्हणून ओळखली जावी आणि माग मात्र येवल्यात चालावेत, तसेच काहीसे येथे घडले.

गावाचे नाव द्राक्षाला लागले आणि ते द्राक्ष पश्चिमेकडे शंभराहून अधिक किलोमीटर दूर, कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या गावांमधील डोंगरउतारांवर रुजले. तेथे अंतोनियो कार्पेने या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये मद्यनिर्मितीची पेढी काढली आणि या पांढऱ्या द्राक्षाच्या मद्याला फेस आणण्याचा उद्योग आरंभिला. शास्त्र केवळ आपल्या पेढीपुरते राहू नये, म्हणून जोव्हानी बात्तिस्ता चेर्लेत्ती याच्यासह १८७६ मध्ये त्याने कोनेल्यानो येथे मद्यविद्येची शाळाही स्थापन केली.

फ्रान्समधील शँपेनचा फेस बाटलीतच जन्म घेतो. साखर आणि किण्व घालून बाटली बंद करतात. आत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते आणि कोंडलेला वायू मद्यात विरघळतो. या रीतीस काळ फार लागतो. शिवाय किण्वाच्या गाळाचा दीर्घ सहवास घडला, तर प्रोसेक्कोच्या द्राक्षाचा नाजूक फलगंध झाकोळून जातो. यावरचा उपाय आस्ती येथील फेदेरिको मार्तिनोत्ती याने १८९५ मध्ये शोधला. ही दुसरी क्रिया त्याने बाटलीऐवजी दाब सोसणाऱ्या मोठ्या बंद टाकीत घडवून आणली. युजीन शार्मा या फ्रेंच तंत्रज्ञाने १९०७ मध्ये ती रीत सुधारली. वेळ वाचला, खर्च उतरला आणि गंधही टिकला. प्रोसेक्को पुढे सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले, त्याचे मूळ या टाकीत आहे.

या डोंगरांचे दैव मात्र सदा सरळ नव्हते. १९१७ च्या नोव्हेंबरात इटलीची सेना मागे हटत पिआवे नदीवर येऊन थांबली. कोनेल्यानो शत्रूच्या ताब्यात गेले आणि वाल्दोब्बियादेने तोफांच्या माऱ्याखाली सापडले. वर्षभराने युद्ध संपले, तेव्हा मळे उभारणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणे होते. तो आरंभ शेतकऱ्यांनी केला. चढ इतके उभे की बरेचसे काम हातानेच करावे लागते. दगडी बांधांऐवजी ‘चिल्योनी’ नावाच्या गवताळ बांधांनी येथे माती धरून ठेवतात. या श्रमाला १९६९ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि या टापूच्या मद्याला कायद्याने संरक्षित नाव लाभले.

तरीही एक पेच उरलाच होता. प्रोसेक्को हे द्राक्षाचे नाव होते आणि द्राक्षाच्या नावावर कोणाचीच मालकी नसते. जो वेल लावील, त्याने ते नाव वापरावे. मागणी वाढली तसे परदेशांतही प्रोसेक्को पिकू लागले. २००९ मध्ये इटलीने यावर मोठी चतुर तोड काढली. कृषिमंत्री होते लुका झाइया. कोनेल्यानोचेच सुपुत्र आणि तेथील मद्यविद्येच्या शाळेचे विद्यार्थी. द्राक्षाला ‘ग्लेरा’ हे जुने नाव देण्यात आले आणि संरक्षित प्रदेशाची सीमा नऊ प्रांतांपर्यंत अशी वाढवली की त्रिएस्तेजवळचे प्रोसेक्को गाव तीत यावे. जे कालपर्यंत द्राक्षाचे नाव होते, ते आज स्थळाचे नाव झाले. आणि स्थळाच्या नावावर हक्क सांगता येतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकांनी हा युक्तिवाद मान्य केला नाही. सिंगापूरच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मात्र २०२३ मध्ये इटलीच्या बाजूने निकाल दिला.

नाव वाचले, परंतु किंमत कोणी दिली? ज्या द्राक्षाने ते नाव जगभर नेले, त्याला ते सोडावे लागले. सीमा सपाटीवर पसरली; तेथे यंत्रे चालतात आणि उत्पन्न भरघोस निघते. २०२१ मध्ये या विस्तृत प्रदेशातून साठ कोटींहून अधिक बाटल्या बाहेर पडल्या. जुन्या डोंगरांना २००९ मध्येच वरची श्रेणी मिळाली आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. तथापि दुकानात दोन्ही बाटल्यांवर शब्द एकच, प्रोसेक्को. आणि गिऱ्हाईक बहुधा तेवढाच वाचतो.

म्हणूनच अलीकडे डोंगरावरील काही उत्पादकांनी आपल्या बाटलीवरून तो शब्द काढून टाकला आहे. ते केवळ ‘वाल्दोब्बियादेने’ असे लिहितात. ज्या मातीने नाव थोर केले, तिनेच ते खाली ठेवून आपल्या गावाचे नाव उचलावे, यात त्या मद्याचा सारा इतिहास सामावला आहे. नावाचे रक्षण कायदा करू शकतो; त्या नावाला अर्थ देण्याचे काम मात्र उभ्या चढावर वाकून राबणाऱ्या हातांनाच करावे लागते.