ऋणाख्यान

दक्षिण आफ्रिकेंत दूरचित्रवाणी आली ती १९७६ सालीं, म्हणजे इतर सधन राष्ट्रांच्या पुष्कळच मागाहून. तत्कालीन गोऱ्या राज्यकर्त्यांस हें यंत्र प्रजेच्या घरांत शिरूं देणें दीर्घकाळ धोक्याचें वाटत होतें. १९९४ सालीं सत्तांतर झालें, कृष्णवर्णीयांस मतदानाचा हक्क मिळाला. आणि त्या हक्कामागोमाग त्यांच्या वस्त्यांत उधारीचाहि पूर आला. कपाट, सोफा हप्त्यांनीं घ्यावा आणि हप्ता चुकला कीं 'माशोनिसा'चें दार ठोठवावें! पठाणी व्याजानें पैसा देणारा जो आपल्याकडे असे, त्याचाच हा तिकडचा भाऊबंद. तारण म्हणून ऋणकोचें बँकेचें कार्ड आणि त्याचा गुप्त अंकहि कित्येकदां याच्याच खिशांत राही. २००५ च्या राष्ट्रीय पतकायद्यानें धनकोंवर नियामक बसविला, ऋणसल्लागारांची तरतूद केली. पण कायद्याचीं कलमें वाचून शहाणा झालेला कर्जबाजारी कोणी पाहिला आहे?

म्हणून २०१२ सालीं निराळीच युक्ति योजिली गेली. 'स्कँडल!' नांवाची एक लोकप्रिय मालिका तेथें २००५ पासून चालू होती. तिच्या ओघांत सुमारें दोन महिने मालेत्सात्सी या पात्राची कर्जकथा गुंफण्यांत आली. ही बाई हप्त्यांनीं वस्तु घेते, जुगाराच्या नादीं लागते, कर्जांत पुरती रुतते आणि अखेर सल्ला घेऊन बाहेर पडण्याची वाट शोधते. जागतिक बँकेसाठीं बर्ग आणि झिया या संशोधकांनीं याचा परिणाम मोजला. सुमारें हजार लोकांचे, जणूं चिठ्ठ्या टाकून, दोन गट पाडले. एकास ही मालिका, तर दुसऱ्यास अर्थोपदेश नसलेली तशीच एक मालिका पाहण्यास सांगितलें. पहिला गट जुगाराकडे आणि हप्तेबंदीच्या खरेदीकडे कमी वळला. अधिकृत संस्थांकडून कर्ज काढण्याचें त्याचें प्रमाण दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरलें. ज्ञान वाढलें तें मात्र कथानकांत आलेल्या बाबींचें, आणि त्यांतहि विशेषेंकरून मालेत्सात्सीच्या तोंडून निघालेल्या गोष्टींचें.

कीर्तनास बसलेल्या कोणासहि याचें नवल वाटूं नये. पूर्वरंगांत डुलक्या घेणारा श्रोता आख्यान लागतांच सावरून बसतो. मालेत्सात्सी ही उपदेश करणारी विदुषी नव्हती. ठेंच लागलेली बाई होती, आणि प्रेक्षक मागचीं कित्येक वर्षें या मालिकेच्या संगतींत होते. सरकारी पत्रकास ही सलगी कोठून येणार?

येथवर सारें ठीक. परंतु त्याच वर्षीं, १६ ऑगस्ट रोजीं, मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीवर वेतनवाढीसाठीं संप करणारे ३४ मजूर पोलिसांच्या गोळ्यांनीं ठार झाले. आणि तेथील कित्येक मजुरांच्या पगारांतून धनकोंचे हप्ते परस्पर कापले जात, ही गोष्ट मागाहून चर्चेंत आली. हातीं पडण्यापूर्वींच जो पगार संपला, त्याचा जमाखर्च कोणत्या नायिकेनें शिकवावा? ऋणकोस शहाणा करणें सोपें, आणि धनकोस अडचणीचेंहि नाहीं. म्हणूनच कीं काय, अशा शिक्षणास आश्रयदाते चटकन मिळतात, असें आम्हांस वाटतें. त्या कपातीचे हुकूम न्यायालयाचा कारकून देत असे. स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या विधिसाहाय्य केंद्रानें गरीब मजुरांसह दावा लढविला, तेव्हां कोठें २०१६ सालीं संविधान न्यायालयानें ठरविलें कीं, असा हुकूम न्यायाधिकाऱ्यानें स्वतः विचार करूनच द्यावा.