शिणलेल्या मनाला सोबत करणारी गाणी

तेरखेडा हे नाव घेतले की मराठवाड्यात सर्वप्रथम आठवतो तो फटाका. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील, सोलापूर-धुळे महामार्गावरचे हे गाव फटाकेनिर्मितीसाठी ओळखले जाते. दिवाळीत शहरांमध्ये जो दणदणाट होतो, त्यातील काही वाटा या गावाचाही असतो. मात्र याच तेरखेड्याच्या परिसरात तेरणा नदी उगम पावते आणि पुढे तेर गावाजवळून वाहत मांजरेला जाऊन मिळते. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. दणदणाटाच्या गावातून निघालेली नदी अशी अभंगाच्या गावाला जाते. दिवसभराच्या गोंगाटाने थकलेल्या माणसालाही रात्री नेमका असाच एखादा प्रवाह हवा असतो.

चाळिशी ओलांडली की हा थकवा केवळ शरीराचा राहत नाही. एकीकडे आई-वडिलांची आजारपणे, दुसरीकडे मुलांची शिक्षणे, घराच्या कर्जाचे हप्ते आणि नोकरीतील अस्थिरता, अशा चारी बाजूंनी माणूस ओढला जातो. आपली दुःखे सांगावीत अशी वडीलधारी माणसे एकेक करून दूर जातात आणि धाकट्यांपुढे मन मोकळे करणे प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी जुने गाणे कानावर पडले तर मन हलके होते. ही केवळ गतकाळाची ओढ आहे काय? मराठी गाण्याचा गेल्या शतकातील प्रवास पाहिला, तर यामागे आणखीही काही असल्याचे लक्षात येते. या गाण्यांची घडणच मुळी एकट्या श्रोत्याशी हलक्या आवाजात बोलण्यासाठी झाली आहे.

काकांचा वारसा

परंपरेनुसार गोरोबांचा जन्म १२६७ चा आणि समाधी १३१७ ची. संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे 'काका'. व्यवसायाने कुंभार, प्रपंचात पूर्ण बुडालेले आणि त्या प्रपंचात पराकोटीचे दुःख भोगलेले, अशीच त्यांची प्रतिमा परंपरेने जपली आहे. मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. भट्टीतून भाजून निघालेल्या मडक्याचा नादच वेगळा असतो. मध्यमवयीन श्रोत्याचेही काहीसे तसेच आहे. विशीत जे गाणे नुसते गोड वाटले, त्याचा अर्थ पन्नाशीत उमगतो. गाणे तेच असते. ऐकणारा दरम्यान भाजून निघालेला असतो.

या वारशाची दुसरी धारा जात्यावरची. पहाटे दळताना बायांनी गायिलेल्या ओव्यांमध्ये माहेर, सासर, लेकरे, आजारपण आणि मरण या साऱ्यांना जागा होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारतविषयक संग्रहाने त्या क्रमाने प्रकाशात आणण्यास सुरुवात केली. या ओव्यांना श्रोता लागत नसे. जात्याचा दगड हाच श्रोता. कष्ट करणाऱ्या जिवाने स्वतःलाच घातलेली ती समजूत होती.

तीन मिनिटांची तबकडी

भावगीत हा प्रकार शहरी मध्यमवर्गात रुजला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात. ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर आणली आणि कविता हीदेखील घरोघरी ऐकण्याची गोष्ट होऊ शकते, हे सिद्ध झाले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. तेवढ्या अवकाशात तानांचा विस्तार करायला वाव नव्हता. साहजिकच शब्दांना महत्त्व आले. पुढे गजानन वाटवे (१९१७-२००९) यांनी गणेशोत्सवाच्या मांडवांतून भावगीत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविले. संगीतकार यशवंत देव (१९२६-२०१८) यांनी 'शब्दप्रधान गायकी' या नावाचे पुस्तकच लिहिले. गाण्यात शब्द नीट पोहोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह थकलेल्या श्रोत्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. ज्याला चमत्कृतीने दिपून जायची ताकद उरलेली नाही, त्याला आपल्याशी कोणीतरी स्पष्ट आणि सावकाश बोलावे एवढेच हवे असते.

रेडिओने हे बोलणे थेट घरात आणले. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी 'गीतरामायणा'चे प्रसारण सुरू झाले आणि दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते सादर झाली. कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे त्या वेळी पस्तिशीतले. या मालिकेतील सर्वाधिक आळविले गेलेले गीत कोणते, याबद्दल मतभेद होतील. परंतु चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो, ते गीत अनेकांना संकटाच्या काळात आठवते. राम येथे भरताला सर्व काही ठीक होईल असे सांगत नाही. माणसाच्या हाती फारसे काही नसते, हे तो शांतपणे समजावतो आणि या सत्यकथनातूनच सांत्वन घडते. तेरखेड्यासह सारा मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्यांच्या सीमा बदलत गेल्या, गीतरामायण मात्र मराठी बोलणाऱ्या साऱ्यांचे झाले.

मंद आवाजाचे सामर्थ्य

१९६० च्या दशकाच्या आरंभी मंगेश पाडगावकर (१९२९-२०१५), श्रीनिवास खळे (१९२६-२०११) आणि अरुण दाते (१९३४-२०१८) हे त्रिकूट 'शुक्रतारा' या गीताच्या निमित्ताने एकत्र आले. सहगायिका होत्या सुधा मल्होत्रा. दाते मूळचे इंदूरचे आणि शिक्षणाने वस्त्रोद्योगातील अभियंते. त्यांच्या आवाजात एक हलका कंप होता. शास्त्रीय मोजमापात तो कदाचित उणा ठरेल, पण भावगीतात तोच जवळचा वाटला. नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसाला हा आवाज आपल्यातलाच वाटावा, यात नवल नाही.

याच कालखंडातील आणखी काही रचना आवर्जून ऐकाव्यात अशा आहेत. खळे यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी गायिलेले तुकोबांचे अभंग प्रपंचाच्या धबडग्यात मनाला स्थिर करतात. राम फाटक यांनी स्वरबद्ध केलेले आणि पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेले अभंग आषाढीपुरते मर्यादित नाहीत. माणिक वर्मा (१९२६-१९९६) आणि मालती पांडे यांच्या गाण्यांतील घरगुती जिव्हाळा आजही ताजा आहे. ज्यांना अधिक गडद सूर पेलतो, त्यांनी हृदयनाथ मंगेशकर यांनी संगीत दिलेल्या ग्रेस (१९३७-२०१२) यांच्या कवितांकडे वळावे. या गाण्यांचा अर्थ चटकन हाती लागत नाही. परंतु ज्या दुःखाला आपल्यालाच नाव देता येत नाही, त्याला ती ओळख देतात.

उलट यशवंत देव यांनी स्वरबद्ध केलेले पाडगावकरांचे जगण्यावर प्रेम करायला सांगणारे गीत प्रसन्न आहे. मात्र ते कधी ऐकावे, याचेही भान हवे. नुकत्याच कोसळलेल्या माणसाला उमेदीचे गाणे टोचू शकते. आधी दुःखाला साथ देणारे गाणे ऐकावे, उमेदीचे त्यानंतर. घरी भेटायला आलेली जाणती माणसेही याच क्रमाने बोलतात.

जपानमधील मध्यरात्र

हा अनुभव केवळ मराठी नाही. जपानमध्ये युद्धोत्तर काळातील लोकप्रिय गाण्यांना 'कायोक्योकु' म्हणतात. त्यातील विरह, गाव आणि बंदराच्या आठवणींत रमणारा प्रकार म्हणजे 'एन्का'. १९६१ मध्ये क्यु साकामोतो या तरुण गायकाने अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या माणसाचे गाणे गायिले. रोकुसुके एई यांनी ते लिहिले, तर हाचिदाई नाकामुरा यांनी स्वरबद्ध केले. १९६३ मध्ये 'सुकियाकी' या नावाने ते अमेरिकेतील 'बिलबोर्ड' यादीत अव्वल ठरले. सुकियाकी हा वास्तविक मांसाचा एक पदार्थ. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. साकामोतो १२ ऑगस्ट १९८५ च्या विमान अपघातात मृत्युमुखी पडले. तथापि २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर त्यांचेच गाणे जपानी माणसांच्या ओठांवर पुन्हा आले. एन्काची सम्राज्ञी मानल्या गेलेल्या हिबारी मिसोरा यांचे आयुष्याची तुलना वाहत्या नदीशी करणारे गाणे १९८९ च्या जानेवारीत आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९९० मध्ये तेथील सार्वजनिक प्रसारण संस्था 'एनएचके'ने रात्रभर चालणारी एक रेडिओसेवा सुरू केली. झोप न येणारे प्रौढ आणि वृद्ध श्रोते तिच्यावर जुनी गाणी आणि संथ गप्पा ऐकतात. मध्यरात्री जाग्या असलेल्या माणसालाही कार्यक्रम हवा असतो, ही जाणीव त्यामागे आहे. आपल्याकडे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीने 'छायागीत' आणि 'बेला के फूल' यांसारख्या कार्यक्रमांतून रात्रीच्या वेळी हेच काम केले.

ऐकावे कसे?

आज गाणी मिळविणे अवघड राहिलेले नाही. मोबाइलवर हजारो गाणी आहेत. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या 'सारेगामा कारवाँ'सारख्या रेडिओच्या आकाराच्या यंत्रात जुनी गाणी आधीच भरलेली असतात. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर शब्द आणि रचनाकारांची नावेही सापडतात. अडचण आहे ती ऐकण्याची. पूर्वी घरात एकच रेडिओ असे आणि तो सर्वांचा असे. स्वयंपाकघरातील आईला, आरामखुर्चीतील वडिलांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला एकच गाणे एकाच वेळी ऐकू येई. त्यावर कोणी काही बोलत नसे, पण आज घरात कोणाचे तरी मन जड आहे हे सर्वांना कळत असे. आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र गाणे असते आणि थकलेला माणूस गर्दीतही एकटाच राहतो.

यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. रात्रीच्या जेवणानंतर दिवे मंद करून तीनच गाणी ऐकावीत. यादी लांबली की लक्ष उडते. आवाज बेताचा ठेवावा, कारण ही गाणी मोठ्याने वाजविण्यासाठी बांधलेलीच नाहीत. शक्यतो कानात यंत्र न घालता घरातल्यांना ऐकू येईल असे लावावे. कवी आणि संगीतकार यांची नावे मुलांना सांगावीत. एखादे गाणे ऐकताना डोळे भरून आले, तर ते तसेच भरू द्यावेत. मात्र झोप, भूक आणि कामातील रस दिवसेंदिवस हरपत असेल, तर गाण्यांवर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे. गाणे सोबत करते, उपचाराची जागा घेत नाही.

फटाक्याचा आवाज क्षणभर आसमंत दणाणून सोडतो आणि विरतो. गोरोबाकाकांच्या काळचे अभंग मात्र सातशे वर्षांनंतरही तेरमध्ये हलक्या आवाजात म्हटले जातात. थकल्या वयाला नेमका कोणता आवाज पुरतो, ते यावरून सहज कळावे.