दोऱ्याचा गुंडा

मोहगावच्या आमच्या घरात एक लोखंडी पेटी होती. आजी गेल्यावर तिच्या साड्या वाटल्या, भांडी वाटली. पेटीतला क्रोशाचा ढीग कुणी मागितला नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. ताटावर झाकायचे गोल रुमाल, माठावरची मणी लावलेली जाळी, दाराचे तोरण, अभ्र्यांच्या झालरी, बाळाची टोपी, जपमाळेची पिशवी, शास्त्राच्या चौरंगावर घालायचा चौकोन. सगळे सुती. रेशमाच्या एका साडीसाठी किती जीव उकळत्या पाण्यात जातात, हे आम्हां जैनांच्या घरात पोरींना कळत्या वयातच सांगतात. त्यामुळे देवापुढे जायचे ते सूतच.

या पेटीची घरात एक गोष्ट सांगत. "आपल्याच वावरातला कापूस विलायतेला गेला, आन् दोरा होऊन आजीच्या हातात परत आला." गोष्ट ऐकायला गोड. मी ती खरी मानून कितीदा लोकांना सांगितली. पुढे एकदा नीट तपासायला बसले.

तिचा पहिला अर्धा भाग खरा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपुरात आली आणि गाठी मुंबई बंदराकडे जाऊ लागल्या. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरातच सुरू झाली. सौसर-पांढुर्ण्याची काळी माती याच कापूसपट्ट्यातली. इथवर आजीचे वावर गोष्टीत बसते.

अडचण पुढे आहे. त्या काळचा आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. जाड्याभरड्या सुताला तो चालतो. क्रोशाचा दोरा बारीक, चांगला पीळ दिलेला आणि चकाकणारा हवा. २० नंबरपेक्षा ४० नंबर बारीक, म्हणजे आकडा वाढतो तसा दोरा उतरतो. त्याला लांब धाग्याचा कापूस लागतो, इजिप्तचा किंवा अमेरिकेच्या समुद्रकाठचा. तेव्हा विलायती गुंड्यात आपल्या वावरातला कापूस असण्याचा संभव फारच थोडा. गोष्ट तिथे तुटली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण दोऱ्याची खरी गोष्ट शोधताना जे हाती लागले, ते जास्त मोलाचे निघाले. शिवायचा सुती दोराच मुळी रेशमाच्या टंचाईतून आला. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्रजांची नाकेबंदी केली, रेशीम मिळेना. तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या क्लार्क घराण्याने रेशमाइतका गुळगुळीत सुती दोरा तयार केला. त्याच गावचे कोट्स घराणे पुढे दोऱ्याच्या धंद्यात जगभर पसरले आणि १८९६ साली दोन्ही पेढ्या एक झाल्या. चकाकीची गंमत वेगळी. जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाला १८४४ च्या सुमारास आढळले की कॉस्टिक सोड्यात बुडवलेले सूत मजबूत होते आणि रंग चांगला धरते. पण सूत आटायचे. १८९० च्या सुमारास होरेस लोव याने ते ताणून धरून बुडवले, आणि सुताला रेशमाची झळाळी आली. अहिंसेच्या विचाराने सूत वापरणाऱ्या बाईच्या हाती किडा न मारता रेशमासारखा दोरा आला, तो असा. मर्सरच्या मनात असले काही नव्हते, तरी उपयोग झालाच.

क्रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये लहान आकडी. ही कला आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. १८२३ साली एका डच मासिकात तिचे नमुने छापलेले सापडतात, त्याआधीचा भक्कम पुरावा नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक गेले, दुष्काळ पडला; तेव्हा हजारो बायकांनी क्रोशाची लेस विणून घर जगवले. आपल्याकडे मिशनरी बायकांनी ती आणली. आंध्रातल्या नरसापूरला स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत ती रुजली आणि तिथली लेस परदेशी जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात तिथला हिशेब मांडला. बाया दिवसभर विणत, व्यापार पुरुषांच्या हाती, आणि बायांची नोंद मात्र 'गृहिणी'. त्यांचे काम म्हणजे म्हणे रिकाम्या वेळचा विरंगुळा!

हे वाचले आणि मी पुन्हा पेटी उघडली.

आमच्याकडेही हेच म्हणत: "आजी काही करत नव्हती, घरीच असायची." दुपारी ओसरीवर बसून ती साखळी घालायची, सहा टाक्यांचे कडे जोडायची, त्यात बारा खांब भरायची. मी नुसती बसलेली दिसले की म्हणायची, "हात रिकामे काहून ठेवले वं?" दोरा नागपूरहून यायचा. सौसरहून छोट्या लाईनची गाडी धरून कुणी इतवारीला गेले की गुंडे घेऊन येई. १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तरी गाडी जातच होती. २०१५ साली तीही लाईन रुंद करायला बंद झाली.

पेटीच्या तळाशी, रुमालाच्या घडीत, एक चिठ्ठी होती. आजीचे अक्षर. 'गुंडे ३. रुमाल ५ दिले. तोरण १. फी भरली.' ज्या आत्याची फी, ती शिकून मास्तरीण झाली. तिलाही हे ठाऊक नव्हते. फी आजोबांनी भरली, असेच ती आयुष्यभर सांगत आली. चिठ्ठी दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माय कधी बोलली नाही वं."

क्रोशाच्या एका प्रकारात चौकोन भरायचे किंवा मोकळे ठेवायचे, त्यातून अक्षरे उमटतात. आजीच्या तोरणावर 'सुस्वागतम्' आहे. जिला अक्षरे विणता येत होती तिने आपले नाव मात्र कुठेच विणले नाही. म्हणून वावरातल्या कापसाची ती गोष्ट मी आता सांगत नाही. पोरीबाळींना चिठ्ठी दाखवते. गुंडे तीन, रुमाल पाच, तोरण एक, आणि एका मुलीची फी.