वादळाच्या वाटेचा नकाशा

१८४८ साली जहाजांच्या कप्तानांसाठी एक पुस्तक निघालं. त्याच्या खिशात शिंगाचे दोन पातळ, पारदर्शक पत्रे ठेवलेले असत. एक विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या समुद्रांसाठी, दुसरा दक्षिणेकडच्या. पत्र्यावर वर्तुळं कोरलेली आणि वर्तुळांवर वाऱ्याच्या दिशा दाखवणारे बाण. पुस्तकाचा लेखक हेन्री पिडिंग्टन पूर्वी जहाजावर कप्तान होता. पुढे तो कलकत्त्यात स्थायिक झाला आणि फुटलेल्या-बुडालेल्या जहाजांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचा अध्यक्ष झाला. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्याने वर्षानुवर्षं गोळा केल्या. ‘सायक्लोन’ हे नावही त्यानेच दिलेलं.

पत्रा वापरायची रीत सोपी होती. नकाशावर आपलं जहाज कुठे आहे तिथे खूण करायची. वारा कुठून येतोय ते पाहायचं आणि पत्र्यावरचा त्याच दिशेचा बाण त्या खुणेवर येईल असा पत्रा सरकवायचा. पत्र्याचा मध्य नकाशावर जिथे येईल, तिथे वादळाचा मध्य. बंगालच्या उपसागरात ईशान्येचा वारा सुटला असेल, तर वादळ साधारण आग्नेयेला. काही तासांनी वारा फिरला की पुन्हा पत्रा ठेवायचा. अशा दोन-तीन खुणा जोडल्या की वादळाची वाट कागदावर उमटायची आणि कप्तानाला जहाज कुठे वळवायचं ते ठरवता यायचं. आज हरिकेन, म्हणजे अटलांटिकमधलं चक्रीवादळ, किनाऱ्याकडे सरकू लागलं की त्याची संभाव्य वाट दाखवणारा जो पांढरा शंकू फ्लोरिडातल्या टीव्हीवर दिसतो, त्याच्या घराण्याचा शोध घेत गेलं की हा शिंगाचा पत्रा सापडतो.

पत्र्यावरची वर्तुळं आली होती अमेरिकेतून. १८२१ च्या सप्टेंबरमध्ये कनेटिकटमधून एक मोठं वादळ गेलं. विल्यम रेडफील्ड हा खोगीर आणि चामड्याचं सामान बनवणारा कारागीर त्यानंतर त्या मुलखातून पायी जात होता. एका भागात उन्मळलेल्या झाडांचे शेंडे वायव्येकडे होते. बराच प्रवास करून पुढे गेल्यावर पडलेली झाडं नेमकी उलट, आग्नेयेकडे डोकं करून होती. वारा सरळ वाहत गेला असता तर असं झालं नसतं. वादळ म्हणजे स्वतःभोवती गरगरत पुढे सरकणारा हवेचा भोवरा, असा त्याने निष्कर्ष काढला आणि १८३१ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला. वादळ फिरतं हे कळलं, तेव्हाच त्याचा मध्य लांबूनही शोधता येईल हे उमगलं.

पण हा सगळा खटाटोप जहाजांसाठी होता. किनाऱ्यावर घर बांधून राहणाऱ्याला वादळ येण्याआधी कोण सांगणार?

ते काम अंगावर घेतलं क्यूबातल्या एका पाद्र्याने. बेनितो विन्येस हा जन्माने स्पॅनिश, जेझुइट पंथाचा. १८७० मध्ये तो हवानाच्या बेलेन महाविद्यालयातल्या वेधशाळेचा प्रमुख झाला. रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत ठरल्या वेळी वायुभारमापक, तापमापक आणि वारा पाहायचा आणि त्याबरोबर आकाश पाहायचं, हा त्याचा नेम. उंचावरच्या सिरस ढगांवर त्याची विशेष नजर होती. चक्रीवादळात खालून आत ओढलेली हवा वर चढते आणि फार उंचावर गेल्यावर बाहेरच्या बाजूला पसरते. म्हणून वादळ शेकडो किलोमीटर लांब असतानाही त्याच्यापासून निघालेल्या ढगांच्या पांढऱ्या रेषा डोक्यावर येऊन पोचतात. त्या रेषा मागे क्षितिजाकडे वाढवल्या की जिथे एकत्र येतील, त्या बाजूला वादळ. दुसऱ्या दिवशी तो बिंदू क्षितिजावर सरकलेला दिसला, तर वादळ बाजूने निघून चाललंय. बिंदू जागचा हलत नसेल आणि पारा मात्र उतरत असेल, तर ते सरळ अंगावर येतंय.

११ सप्टेंबर १८७५ रोजी विन्येसने हरिकेनचा पहिला इशारा हवानाच्या वर्तमानपत्रांत छापवला. दोनच दिवसांनी क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्याला वादळाने तडाखा दिला. पुढच्या वर्षांत त्याने बेटाबेटांवरून तारेने निरीक्षणं मागवण्याची व्यवस्था उभी केली आणि वादळ येऊन गेलं की तो स्वतः त्या गावांत जाऊन पडझड पाहू लागला. यंत्रं आणि तार यांच्याइतकाच त्याचा भरवसा माणसांच्या सांगण्यावर होता. १८९३ मध्ये तो वारला, तेव्हा हरिकेन ओळखण्यात बेलेनच्या वेधशाळेचा हात धरणारं कॅरिबियन समुद्रात दुसरं कोणी नव्हतं.

म्हणूनच १९०० साली टेक्ससमधल्या गॅल्वेस्टनमध्ये जे घडलं ते वाचताना आजही जीव कळवळतो. त्या वेळी क्यूबावर अमेरिकेचा लष्करी अंमल होता. अमेरिकी हवामान खात्याला बेलेनचे अंदाज उगाच घबराट पसरवणारे वाटत. ऑगस्टच्या अखेरीस खात्याने क्यूबातून हवामानविषयक तारा पाठवण्यावर बंदी आणवली. त्यानंतर काही दिवसांतच एक वादळ क्यूबावरून गेलं. ते ईशान्येला वळून अटलांटिक किनाऱ्याने वर जाईल, असं वॉशिंग्टनचं मत. ते मेक्सिकोच्या आखातात शिरून टेक्ससकडे जाईल, असा बेलेनचा होरा. एकदा आखातात शिरल्यावर मधे सांगणारं कुणी नव्हतं. आखातातल्या जहाजांवर बिनतारी यंत्रं अजून यायची होती.

८ सप्टेंबरला वादळ गॅल्वेस्टनवर आदळलं. शहरातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून तीन मीटरसुद्धा नव्हती आणि पाणी साडेचार मीटरहून वर चढलं. सुमारे ८,००० माणसं गेली. अमेरिकेच्या इतिहासात एका नैसर्गिक आपत्तीत इतके बळी त्याआधी कधी गेले नव्हते, नंतरही गेलेले नाहीत. तिथल्या हवामान कचेरीचा प्रमुख आयझॅक क्लाइन याने १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की या शहराला मोठ्या वादळाची भीती बाळगायचं कारण नाही. त्या रात्री त्याची पत्नी बुडाली. बेलेनच्या तारा खुल्या असत्या तर सगळे वाचले असते असं म्हणता येणार नाही. पण ज्यांना समुद्राचं जास्त कळत होतं त्यांचंच तोंड बंद केलं गेलं, याला माफी नाही.

पुढची पन्नास वर्षं वादळाचा माग समुद्रातूनच कसा मिळवायचा, याच्या धडपडीत गेली. १९०९ मध्ये ‘कार्तागो’ या जहाजाने युकातानजवळून हरिकेनची बातमी बिनतारी संदेशाने पाठवली. जहाजाकडून आलेली ही अशी पहिली बातमी. पण त्यातही एक पेच होता. इशारे जसे चांगले मिळू लागले तशी जहाजं वादळापासून लांब पळू लागली आणि जिथली खबर सर्वांत गरजेची तिथेच खबर द्यायला कुणी उरेना. दुसऱ्या महायुद्धात तर पाणबुड्यांच्या धाकाने जहाजांनी संदेश पाठवणंच थांबवलं.

अशा काळात, २७ जुलै १९४३ रोजी टेक्ससच्या किनाऱ्यावर हरिकेन येऊन धडकलं. ब्रायन इथल्या तळावर कर्नल जोसेफ डकवर्थ वैमानिकांना केवळ यंत्रं पाहून उडायचं शिक्षण देत होता. तिथल्या ब्रिटिश शिकाऊंनी एटी-६ या एक इंजिनाच्या विमानाची टर उडवली होती. ते विमान वादळातून नेऊन आणतो, असं म्हणून डकवर्थ दिशादर्शक लेफ्टनंट राल्फ ओ’हेअरला घेऊन निघाला. वरिष्ठांची परवानगी नव्हती. दणके खात दोघं एकदम वादळाच्या डोळ्यात पोचले. तिथे वारा पडलेला, वर आकाश मोकळं. परत आल्यावर तळाच्या हवामान अधिकाऱ्याने आपल्यालाही न्यायचा हट्ट धरला आणि डकवर्थ त्याच दिवशी पुन्हा आत जाऊन आला. पैजेपोटी झालेल्या या उड्डाणातून अमेरिकेत वादळात विमानं पाठवण्याची पद्धत रूढ झाली.

तिची किंमतही मोजावी लागली. सप्टेंबर १९५५ मध्ये ‘जॅनेट’ हरिकेनमध्ये शिरलेलं नौदलाचं विमान परतलं नाही. त्यात नऊ जण नौदलाचे आणि दोन कॅनडाचे पत्रकार होते. आजही ही विमानं आत जातात आणि डोळ्याभोवतीच्या भिंतीत ड्रॉपसोंड सोडतात. ही हातभर लांबीची नळी छोट्या पॅराशूटने खाली येते आणि समुद्रावर पडेपर्यंत दर सेकंदाला अनेकदा दाब, तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहते. उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. पोटात काय चाललंय ते ही नळी सांगते.

रडारही युद्धाच्याच काळात वाढलं. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये ‘कार्ला’ हरिकेन टेक्ससकडे येत होतं, तेव्हा ह्यूस्टनच्या टीव्हीवरचा तरुण वार्ताहर डॅन रादर गॅल्वेस्टनच्या हवामान कचेरीत कॅमेरा घेऊन गेला. रडारच्या काचेवर नुसता गोल ढग दिसत होता. पाहणाऱ्याला त्याचा आवाका कळेना. म्हणून तिथल्या माणसाकडून पारदर्शक कागदावर टेक्ससचा किनारा काढून घेतला आणि तो पडद्यावर धरला. घराघरांतल्या लोकांनी एवढं थोरलं वादळ आपल्याच नकाशावर पाहिलं आणि लाखो लोकांनी किनारा सोडला. पिडिंग्टनने वादळाचं चित्र नकाशावर ठेवलं होतं. इथे नकाशाच वादळावर ठेवला गेला. ‘कार्ला’ ताकदीने गॅल्वेस्टनच्या जुन्या वादळाला हार जाणारं नव्हतं, तरी बळी पन्नासच्या आत राहिले. त्याच वर्षी ‘एस्थर’ हे हरिकेन टिरॉस-३ उपग्रहाने सर्वांत आधी हेरलं. पुढे हळूहळू न सांगता किनाऱ्यावर येणारं वादळ दुर्मीळ झालं.

राहिला प्रश्न नेमकं कुठे धडकणार याचा. १९७० च्या दशकात तीन दिवस आधी सांगितलेली जागा सरासरी तीनशेहून अधिक सागरी मैलांनी चुकायची. आता ती चूक शंभराच्या आसपास आलीय. ती चूक प्रामाणिकपणे दाखवण्यासाठी शंकू आला. मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र गेल्या पाच वर्षांतल्या स्वतःच्या चुका मोजतं आणि त्यांतल्या दोन तृतीयांश ज्यात मावतील एवढी वर्तुळं मार्गावर काढतं. सगळी वर्तुळं जोडली की शंकू. म्हणजे तीनांतून एकदा वादळाचा मध्य शंकूच्या बाहेरही जाऊ शकतो. आणि शंकू फक्त मध्य कुठे असेल ते सांगतो. पाऊस, वारा, उधाण त्याच्या कितीतरी बाहेर पसरतं.

हे लोकांपर्यंत पोचत नाही, याचा जीवघेणा पुरावा २०२२ मध्ये ‘इयान’ हरिकेनने दिला. शंकूची मधली रेघ सुरुवातीला फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या बाजूला होती आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे. फोर्ट मायर्सचा भाग शंकूच्या दक्षिण कडेला होता. तिथे सक्तीने घरं सोडण्याचा हुकूम निघाला तो २७ सप्टेंबरला, वादळ येण्याच्या आदल्या दिवशी. २८ तारखेला ‘इयान’ तिथेच शिरलं आणि उधाणाच्या पाण्यात त्या एका काउंटीत अनेक बळी गेले.

हेच जून २०२० मध्ये आपल्या दारात दिसलं. भारतीय हवामान खात्याने ‘निसर्ग’ चक्रीवादळ हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ धडकेल असं स्पष्ट कळवलं होतं आणि ३ जूनला ते अलिबागच्या दक्षिणेला आलंही. पण वाहिन्यांवर दिवसभर मुंबई होती. मुंबई बरीचशी वाचली आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. दापोली-मंडणगड त्या पट्ट्याच्या खाली, तरी तिथेही तीच गत झाली. पुढचं वादळ अरबी समुद्रात उठेल तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी एका शहराचं नाव मथळ्यात न घालता शंकूत आणि शंकूलगत येणारा प्रत्येक तालुका नावानिशी सांगावा. हवामान खात्याच्या पत्रकात धोक्याच्या पट्ट्याची माहिती असते. ती फक्त पूर्ण वाचायला हवी.