पद्मिनी, अजून पाच वर्षे?

मंडळी, आमच्या दारातली फियाट तुमच्यापैकी बऱ्याच नातेवाइकांनी कधी ना कधी ढकललेली आहे. (हसू नका, ढकलताना मीही मागेच असायचो!) कागदोपत्री ती 'प्रीमियर पद्मिनी', १९८८ चे मॉडेल. मी ती १९९७ साली सोलापूरहून जुनीच विकत घेतली. पण आमच्या भागात तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही. ती फियाटच.

आता २०२८ साली तिच्या नोंदणीचे पुन्हा नूतनीकरण करायचे आहे. चिरंजीव पुण्याहून फोनवर म्हणतात, "बाबा, आता पुरे. तिच्यात मूळचं राहिलंय तरी काय?" प्रश्न खोटा नाही. म्हणून जरा इतिहासात शिरलो. आयुष्यभर इतिहास शिकवला, खोड जात नाही.

गाडी सोलापूरहून आणली हा योगायोग, पण तिचे मूळही एका सोलापूरकराचेच. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ चा. जहाजे, विमाने, साखर, जिथे परकीयांची मक्तेदारी तिथे हा माणूस उतरायचाच. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ च्या सुमारास आलेली 'डुक्कर फियाट' जुन्या मंडळींना आठवत असेल. वालचंद मात्र १९५३ सालीच गेले. १९६४ साली आलेले ११०० डिलाइट हे मॉडेल पुढे सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले. नाव बदलले, गाडी तीच. १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी.

युरोपात मॉडेल बदलत गेले, आपल्याकडे तीच गाडी पस्तीस वर्षे चालली. कारण परवान्यांचे राज्य. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवणार, परदेशी गाड्यांवर बंधने, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक! अशा वेळी कारखान्याने नवे काही करायचे कशाला? आपण त्या काळाला नावे ठेवतो आणि ती रास्तच आहेत. पण त्याची एक दुसरी बाजू मला मिस्त्रीच्या शेडमध्ये बसून कळली. गाडी बदलली नाही म्हणून तिचे सुटे भाग गावोगाव मिळू लागले. शाळेत न गेलेल्या पोरांनाही ती डोळे मिटून खोलता येऊ लागली. एका टॅक्सीचा काढलेला भाग दुसरीत जाऊन बसू लागला. आपला दुरुस्तीचा बाजार हा त्या टंचाईचेच अपत्य आहे.

मीही त्याच बाजाराचा चेला. मोडेपर्यंत बदलायचे नाही, हा बाणा. आणि इथेच चुकलो.

२००४ ची गोष्ट. घरात लग्न होते. मिस्त्री म्हणाले होते, "गुरुजी, ब्रेकचे होज फुगलेत, तडे गेलेत, बदलून घ्या." मी म्हणालो, लग्न होऊ द्या. आणि त्याच पैशात नवी सीट कव्हरे शिवून घेतली! पाहुण्यांच्या नजरेला पडतात ना ती. पुढच्या आठवड्यात तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबला, तो थेट तळाला गेला. मागे सौ. आणि मांडीवर चार वर्षांची नात. माझ्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच मार्गाने जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत, डाव्या अंगाला खडीच्या ढिगात गाडी घातली. थांबली. सौ. काहीच बोलल्या नाहीत, नातीला घेऊन खाली उतरल्या आणि दगडावर बसल्या. ते न बोलणे मला अजून ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री एवढेच म्हणाले, "गुरुजी, सीट दिसतं, होज दिसत नाही. पण घाटात सीट गाडी धरत नाही."

त्या दिवसापासून एक वही घातली. भागांच्या दोन याद्या केल्या. पहिली, बोलून मरणाऱ्या भागांची: क्लच प्लेट घसरते, बेअरिंग गुणगुणते, बॅटरी सकाळी कुरकुरते, सायलेन्सर तर गावाला सांगतो. हे मोडेपर्यंत वापरावेत, फार तर वाटेत ढकलावे लागेल. दुसरी, न बोलता मरणाऱ्या भागांची: ब्रेकचे होज, सिलिंडरमधली रबरी वाटी, ब्रेकचे तेल (ते हवेतला ओलावा शोषते आणि घाटात तापून उकळते), आणि टायर. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होतेच. त्याच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. एकदा पाहून घ्या. हे भाग मोडायची वाट पाहायची नाही, तारीख पाहून बदलायचे. नेमके हेच भाग फार महाग नसतात!

आता चिरंजीवांच्या प्रश्नाकडे. मूळचे काय राहिले? कायद्याचे उत्तर सोपे आहे. चेसिस नंबर तोच, म्हणून गाडी तीच. इंजिन बदलले तरी नोंद करून घेता येते. पण मला वाटते, गाडीचे आयुष्य चेसिसपेक्षा भोवतीच्या हातांवर असते. कुर्ल्यात पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या टॅक्सींना आधी पंचवीस आणि २०१३ पासून वीस वर्षांची वयोमर्यादा आली, आणि २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी गेल्या, तसे भागही आटले. पूर्वी आमच्या इथे मिळणारी रबरी वाटी आता सोलापुरातही शोधावी लागते. आमच्या मिस्त्रींनाही आता दिसत नाही, मुलगा बसतो शेडमध्ये.

२०२३ साली मी नूतनीकरणाला गेलो तेव्हा पूर्वी ६०० असलेले शुल्क ५,००० झाले होते. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० झाले. पैशाचे मी पाहून घेईन. माझा नियम वेगळा आहे, आणि तो चिरंजीवांना वहीत लिहूनच दिला आहे: दुसऱ्या यादीतला एक जरी भाग चांगला मिळेनासा झाला, त्या दिवशी गाडी थांबेल. जुना काढून बसवायचा नाही, जुगाड नाही.

आणि हो, माझ्या वयात लायसन्सही दर पाच वर्षांनीच वाढवून मिळते, डॉक्टरांच्या दाखल्यासह. माझी नजर आणि पायाची चपळाई कोणत्या यादीत घालायची, यावर दोन दिवस विचार केला. दुसऱ्या यादीत घातली आहे. तेव्हापासून घाटात गाडी मी नेत नाही. नात नेते. तीच ती, मांडीवरची.

असो. घरी जाऊन आधी टायरवरचे आकडे पाहा.