घरगुती सुरक्षा कॅमेरे : आखणी व बसवणी (बीड जिल्हा)

घर, अंगण, गोठा आणि रस्त्याकडचे दार यांवर नजर राहावी म्हणून कॅमेरे, चित्रण साठवणारा रेकॉर्डर, वायरिंग आणि वीजपुरवठा यांची बसवणीआधी करायची जुळणी. बोलीत या साऱ्याला ‘सीसीटीव्ही बसवणे’ म्हणतात. किती कॅमेरे घ्यायचे, हा दुकानातला पहिला प्रश्न आखणीत मात्र शेवटी येतो. त्याआधी काय पाहायचे, वीज किती वेळ जाते आणि चित्र पाहून धावून जाणार कोण, हे ठरवावे लागते.

पूर्वपीठिका : गावगाड्यात राखणीचे काम जागल्याकडे असे. कॅमेऱ्याने दूरवरून पाहण्याचा वापर 1942 मध्ये जर्मनीत रॉकेटचाचण्यांसाठी झाला. घरासाठीची कल्पना न्यू यॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांची. दारावरचा कॅमेरा, घरातला पडदा आणि दुरून उघडणारी कडी अशा त्यांच्या रचनेला 1969 मध्ये पेटंट मिळाले.

जिल्ह्यातील परिस्थिती : बीड जिल्ह्यात 11 तालुके आहेत. शेती बरीचशी कोरडवाहू असल्याने दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मधल्या काळात घराला कुलूप असते किंवा म्हातारी माणसे घर राखतात. जुन्या माळवदी घरांना धाबे आणि छतातला झरोका याही वाटा असतात. पत्र्याच्या घरांना मागची बाजू उघडी असते. म्हणून पाहणी दारापासून सुरू करून घराभोवती एक फेरी मारूनच पुरी करावी.

कॅमेऱ्याची जागा : कॅमेऱ्यात माणूस दिसणे वेगळे आणि तो ओळखू येणे वेगळे. अनोळखी माणूस खात्रीने ओळखता यावा, यासाठी चित्रात दर मीटर रुंदीमागे 250 पिक्सेल असावेत, असा रूढ निकष आहे. नेहमीच्या 2 मेगापिक्सेल कॅमेऱ्याची आडवी रुंदी 1920 पिक्सेल असते. म्हणजे तो सुमारे पावणेआठ मीटर रुंदीपर्यंतच चेहरा नीट देतो. 2.8 मिमी भिंगाचा कॅमेरा सारे अंगण एका चित्रात घेतो, पण चेहरा जेमतेम तीन मीटरपर्यंत ओळखू येतो. 6 मिमी भिंगाने तेच अंतर आठ मीटरच्या आसपास जाते, मात्र बाजूचे दिसत नाही. म्हणून अंगणासाठी रुंद भिंग आणि फाटकासाठी अरुंद, अशी वाटणी करतात. दारावरचा कॅमेरा आठ ते दहा फुटांवर असावा. धाब्याच्या टोकाला लावला तर टोपी आणि पटका दिसतो, चेहरा नाही. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड करून तो लावू नये. रात्री अवरक्त दिव्यांकडे किडे येतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि भिंगासमोरचे जाळे चित्र पांढरे करून टाकते. आठवड्याला फडके फिरवणे हाच त्यावरचा इलाज.

प्रकार : एचडी ॲनालॉग पद्धतीत कोॲक्सियल केबल, 12 व्होल्टचा सप्लाय आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) लागतो, ही स्वस्त पडते आणि तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होते. आयपी पद्धतीत एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाते, पण एका केबलची लांबी 100 मीटरपर्यंतच धरावी. शेतातील आखाड्यासाठी सौर पॅनेल आणि सिमकार्डावर चालणारा कॅमेरा सोयीचा. तिथे मोबाइलला रेंज किती येते, हे खरेदीआधी त्याच जागी उभे राहून पाहावे.

वीज : चार कॅमेरे आणि रेकॉर्डर मिळून साधारण 40 वॅट लागतात, म्हणजे दिवसाला एक युनिटच्या आसपास. घरच्या इन्व्हर्टरवर हा भार जड नाही. मात्र वायफाय राउटरही त्याच लाइनवर घ्यावा, नाहीतर वीज गेल्यावर चित्रण चालू राहते आणि मोबाइलवर काहीच येत नाही. वळवाच्या आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा पडतात. बाहेरून येणाऱ्या लांब केबलींतून दाब चढतो आणि रेकॉर्डर जळतो. त्यासाठी चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवेत. उंदरांपासून बचावासाठी केबल पीव्हीसी पाइपातून न्यावी.

साठवण : 2 मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला 2 मेगाबिट धरले, तर दिवसाला सुमारे 21.6 जीबी होते. चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते. पुढे जुन्यावर नवे चढते. ऊसतोडीचा हंगाम मात्र पाच-सहा महिन्यांचा. नोव्हेंबरात घर फुटले आणि ते कळले मार्चमध्ये, तर डिस्कवर त्या रात्रीचे काहीच उरलेले नसते. हालचाल होईल तेव्हाच चित्रण करण्याची सोय वापरली तर दिवस वाढतात, तरीही हंगाम पुरत नाही. खरी भिस्त मोबाइलवर येणाऱ्या इशाऱ्यावर. तो उसाच्या फडात असलेल्याला मिळून भागत नाही. चावी ज्याच्याकडे ठेवली त्या शेजाऱ्याच्या किंवा भावकीतल्या माणसाच्या मोबाइलवरही तो यायला हवा. गरज पडल्यास 112 क्रमांकावर पोलिसांना कळवता येते. रेकॉर्डर टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवू नये. चोर तोच उचलून नेतो. हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात तो ठेवावा.

खरेदी व पासवर्ड : 9 एप्रिल 2025 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक सरकारी चाचणी बंधनकारक आहे, खरेदीच्या वेळी त्याची चौकशी करावी. 2016 मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कंपनीचाच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. बसवणारा कारागीर निघायच्या आत घरमालकाने पासवर्ड स्वतः बदलावा.

कायदा : खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केले. शेजाऱ्याचे न्हाणीघर किंवा आतले अंगण चित्रात येत असेल, तर कॅमेरा वळवावा किंवा तेवढा भाग सेटिंगमध्ये झाकावा. भावाभावांच्या सामाईक वाड्यातही हा प्रश्न उभा राहतो. एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीवाचून घराच्या आतल्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने दोन भावांच्या वादात 2025 मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

पुरावा : या विषयावरील महत्त्वाचा निकाल शेजारच्या जालन्याच्या खटल्यातून आला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरवले, की मूळ यंत्र हजर केले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत पुराव्याच्या कायद्यातील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. म्हणून चोरीनंतर मोबाइलने पडद्याचे चित्रण करून समाधान मानू नये. रेकॉर्डर बंद करून जसाच्या तसा ठेवावा आणि पोलिसांना दाखवावा.

देखभाल : गाव सोडण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याचे रात्रीचे चित्र पाहावे, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरावे आणि रेकॉर्डरचे घड्याळ मोबाइलशी जुळवावे. वीज वारंवार गेल्याने किंवा आतला सेल संपल्याने ते मागे पडते, आणि ज्या चित्रणावर तारीख-वेळ चुकीची आहे त्यावर न्यायालयात पहिला आक्षेप येतो तो वेळेचाच.