धोतराच्या गाठीखालची जखम

वारंगा फाट्यावर एसटीची वाट बघणारे धोतरातले आजोबा आजही दिसतात. आजचा इतिहास त्यांच्या कमरेवरच्या काचाचा आहे.

मुंबईत 1941 साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 साली लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरवर निबंध लिहिला. त्यातला एक धोतराचा. पुढे परकराच्या नाडीमुळे ‘साडी कॅन्सर’ हेही नाव आलं.

वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट गाठ, वर घाम. कातडी काळवंडते, सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. बहुतेकांचं तेवढ्यावरच थांबतं. क्वचित कुणाचं थांबत नाही.

का? जखम भरताना शरीर काय करतं बघा. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी धावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कडेच्या पेशी शेजारच्यांना सोडून पुढे सरकतात, उघडी जागा झाकतात. मग ‘बास’ असा निरोप येतो. कॅन्सरच्या पेशी हीच यंत्रणा वापरतात, फक्त तो निरोप जुमानत नाहीत. रक्तपुरवठा आयता मिळतो, सरकायची वाट आयती मिळते. कमरेवरून त्या जांघेतल्या अवधाणापर्यंत पोचू शकतात.

अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी 1986 साली कॅन्सरच्या गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं. आपल्याकडची आजी एवढंच म्हणते, “जखम भरंना झालीय.” असं महिनाभर चाललं तर डॉक्टर तुकडा काढून तपासतात. लवकर सापडला तर हा कॅन्सर बहुधा कापून काढता येतो.